रक्ताचा रिपोर्ट आणि आपली जबाबदारी



माकुणसारहून रक्त तपासायला पालघर-बोईसरला जायचे म्हणजे मजुराचा रोज बुडतो. निदान हाती येणारा कागद तरी बिनचूक हवा.

सिकलसेलचेच उदाहरण घेऊ. हा आनुवंशिक रक्तविकार आपल्या जिल्ह्यातील आदिवासी बांधवांत आढळतो. विदर्भात बौद्ध समाजातही आहे. २०२३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरली. त्यातील साधी सोल्युबिलिटी चाचणी रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे एवढेच सांगते. माणूस वाहक की रुग्ण, हे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करून ठरवावे लागते. नुकतेच रक्त चढवले असेल, तर निकाल फसवा येतो. ते आधीच सांगावे.

आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक अपत्याला आजाराची शक्यता २५ टक्के असते. म्हणूनच अर्धवट रिपोर्टावर सोयरीक जुळवू नये आणि मोडूही नये.

बँकेत आम्ही रोकड जुळल्याशिवाय उठत नाही. चांगल्या प्रयोगशाळेतही असाच ताळा असतो. ज्याचे उत्तर आधीच ठाऊक आहे असा 'कंट्रोल' नमुना रोज तपासतात. तो जुळला तरच रुग्णांचे निकाल देतात. नळीवर नावही रुग्णासमोरच लिहितात.

ऐकीव गोष्ट पारखून घ्या, असे तथागतांनी कालामांना सांगितले. विद्यार्थ्यांनो, घरातल्यांच्या रिपोर्टावर कोणती चाचणी लिहिली आहे ते वाचा, शंका आल्यास नम्रपणे विचारा. विचारणे हा आपला हक्क आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!