अमेरिकेतून कॅनडात : स्थलांतराच्या वाटा आणि त्यांची पूर्वतयारी

न्यू जर्सी, टेक्सास, कॅलिफोर्निया यांसारख्या राज्यांत नोकरीनिमित्त स्थायिक झालेली, परंतु कायम वास्तव्याचा हक्क अद्याप पदरात न पडलेली जी अनेक मराठी कुटुंबे आहेत, त्यांच्या घरी अलीकडे शेजारच्या कॅनडाचा विषय वारंवार निघू लागला आहे, आणि इकडे पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात बसलेले त्यांचे आईवडीलही दूरध्वनीवर तीच चौकशी चिंतेने करीत असतात. त्या चिंतेला आधार आहे. अमेरिकेत तात्पुरती नोकरी करण्याच्या एच-वन-बी परवान्याची सर्वसाधारण कमाल मुदत सहा वर्षांची. ग्रीन कार्डाचा, म्हणजे कायम वास्तव्याचा, प्राथमिक अर्ज मंजूर असल्यास ती वाढवून मिळते खरी, पण नोकरीच्या आधारे दिल्या जाणाऱ्या ग्रीन कार्डांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना सात टक्क्यांहून अधिक वाटा सामान्यतः मिळत नसल्यामुळे भारतीयांची रांग अतिशय लांबलेली आहे. नोकरी गेली तर दुसरी शोधण्यास अथवा देश सोडण्यास फार तर साठ दिवसांची सवलत, आणि लहानपणी आईबापांच्या बोटाला धरून तेथे गेलेली मुले एकवीस वर्षांची होताच बहुधा त्यांच्या अर्जातून गळतात. अशा स्थितीत मनुष्याने दुसरे दार ठोठावण्याचा विचार करावा हे स्वाभाविक आहे.

तथापि या विचाराच्या आरंभीच एक भ्रम दूर केला पाहिजे. अमेरिका आणि कॅनडा यांची हद्द लागून आहे, व्यापाराचा करार आहे, तेव्हा अमेरिकेत दहा वर्षे इमानेइतबारे नोकरी करून कर भरलेल्या इसमास कॅनडात काही अग्रहक्क असेल, अशी समजूत मी सुशिक्षित माणसांतही पाहिली आहे. वस्तुस्थिती अशी नाही. जुन्या नाफ्ता व्यापार-कराराच्या जागी १ जुलै २०२० पासून अमलात आलेल्या करारान्वये व्यावसायिकांना शेजारच्या देशात जाऊन काम करण्याची जी मुभा आहे, ती अमेरिका, मेक्सिको व कॅनडा यांच्या नागरिकांपुरती आहे. भारतीय पारपत्रावर राहणाऱ्या व्यक्तीस, तिच्याजवळ ग्रीन कार्ड असले तरी, ती लागू होत नाही. ग्रीन कार्डधारकास कॅनडात पाहुणा म्हणून व्हिसाविना जाता येते. एच-वन-बी धारक भारतीयास तेवढ्यासाठीही व्हिसा घ्यावा लागतो. कॅनडाच्या दृष्टीने न्यू जर्सीहून आलेला अर्ज आणि कोल्हापुरातून आलेला अर्ज यांची कसोटी एकच आहे.

ही कसोटी गुणांची आहे. १९६७ साली कॅनडाने स्थलांतरितांची निवड शिक्षण, भाषा, कौशल्य, वय अशा निकषांवर गुण देऊन करण्याची पद्धत स्वीकारली, आणि जानेवारी २०१५ पासून तिला ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ या नावाचे आजचे स्वरूप आले. परदेशातील कुशल कामगार म्हणून जो अर्ज करतो त्याला प्रथम शंभरापैकी किमान सदुसष्ट गुणांचा उंबरठा ओलांडावा लागतो; त्यानंतर इच्छुकांच्या संचात त्याचे नाव बाराशे गुणांच्या दुसऱ्या मापाने क्रमवारीत लागते, आणि सरकार वेळोवेळी वरच्या क्रमांकांना अर्ज करण्याचे निमंत्रण धाडते. या दुसऱ्या मापात वयाचा हिशेब कसा आहे तो श्रोत्यांनी लक्षपूर्वक ऐकावा. जोडीदारासह जाणाऱ्या अर्जदारास वीस ते एकोणतीस या वयात पूर्ण शंभर गुण मिळतात; तिसाव्या वर्षापासून दरवर्षी पाच पाच कमी होत चाळिसाव्या वर्षी पंचेचाळीस उरतात; त्यानंतर चव्वेचाळिसाव्या वर्षापर्यंत दरवर्षी दहा गळतात आणि पंचेचाळिसाव्या वर्षी हातात शून्य राहते. उलटपक्षी, कॅनडाबाहेरच्या अनुभवाचे श्रेय या क्रमवारीत तीन वर्षांपाशी थांबते. तीन वर्षे नोकरी केलेला आणि तेरा वर्षे केलेला, दोघांना तेवढेच. म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेत तिष्ठत काढलेल्या वर्षांनी या क्रमवारीत काही मिळवून दिलेले नसते, मात्र वयाच्या रकान्यातून पुष्कळ नेलेले असते. म्हणून माझे सांगणे असे की, जायचे की नाही हा निर्णय पुढे केव्हाही करावा, परंतु आपले गुण मात्र तिशीच्या आतबाहेर असतानाच, नोकरी सुरक्षित असतानाच मोजून पाहावेत. नोकरी गेल्यानंतरच्या साठ दिवसांत ही कागदपत्रे उभी राहणे जवळजवळ अशक्य आहे.

गुण मोजताना आपल्या घरांत एक गोष्ट सहसा गृहीत धरली जाते, ती अशी की मुख्य अर्जदार पती असणार. कायद्याने असे कोठेही म्हटलेले नाही. दोघांपैकी ज्याचे गुण अधिक भरतील त्याने मुख्य अर्जदार व्हावे, दुसऱ्याने सोबत जावे. उदाहरणार्थ, पती अडतीस वर्षांचा आहे, पत्नी चौतीस वर्षांची. तिने पुण्यात अभियांत्रिकीची पदवी घेऊन लग्नापूर्वी तीनचार वर्षे नोकरी केली आणि पुढे एच-वन-बी धारकाच्या जोडीदारास मिळणाऱ्या एच-फोर परवान्यावर अमेरिकेत येऊन, काम करण्याची अनुज्ञा नसल्यामुळे, घरी राहिली. अशा कुटुंबात केवळ वयाच्या रकान्यात तिला त्याच्यापेक्षा वीस गुण अधिक मिळतात, आणि तिचा पुण्यातील अनुभवही ग्राह्य धरला जातो. पण तो गेल्या दहा वर्षांतला असला पाहिजे. ही दहा वर्षे संपत आली की तिचा तो अनुभव एकेका महिन्याने खात्यातून उतरू लागतो, आणि हे ज्या घरात कोणाच्याच ध्यानात आलेले नसते त्या घरातील एका कर्तबगार स्त्रीची उमेदीची वर्षे दोन्ही देशांच्या हिशेबात वाया जातात. ज्यांच्या घरी अशी सून वा लेक आहे त्यांनी तिचे नोकरीचे जुने दाखले आजच्या आज शोधून ठेवण्यास तिला सांगावे.

भाषेच्या परीक्षेविषयीही तितक्याच कळकळीने सांगावेसे वाटते. दहा वर्षे इंग्रजीतून कामकाज केलेल्या माणसाला ही परीक्षा म्हणजे उपचार वाटतो आणि तो तयारीविना जाऊन बसतो. आयेल्ट्सच्या सर्वसाधारण परीक्षेत श्रवणात आठ आणि वाचन, लेखन व संभाषण यांत प्रत्येकी सात मिळाले म्हणजे कॅनडाच्या मापाने नववी पातळी गाठली जाते, आणि या पातळीवर भाषेच्या जोडीने मिळणारे शिक्षणाचे व अनुभवाचे गुण एकदम जवळजवळ दुप्पट होतात. पदव्युत्तर पदवी आणि तीन वर्षांचा अनुभव असलेल्या अर्जदारास केवळ लेखनात साताऐवजी साडेसहा पडले, तर तेवढ्या अर्ध्या गुणापायी क्रमवारीत पन्नासहून अधिक गुणांचे नुकसान होते. परीक्षा पुन्हा देता येते. तिचा निकाल दोन वर्षे चालतो. तयारी करूनच बसावे, आणि कमी पडल्यास संकोच न धरता पुन्हा बसावे.

एवढे करूनही निमंत्रण येईलच असे नाही. कॅनडाने कायम वास्तव्याचे वार्षिक उद्दिष्ट २०२४ मधील ४,८५,००० वरून २०२५ साठी ३,९५,००० वर आणले, आणि निवडीत कॅनडात आधीपासून काम करणाऱ्यांना, प्रांतांनी शिफारस केलेल्यांना आणि शुश्रूषा, बांधकाम अशा ठरावीक व्यवसायांतील लोकांना झुकते माप दिले. व्यवसायांची ही यादी बदलत असते, त्यामुळे शेजाऱ्याला दोन वर्षांपूर्वी जे लागू पडले ते आपणासही पडेल असे समजू नये. केवळ अमेरिकेतील अनुभवावर विसंबणाऱ्या संगणक अभियंत्यास म्हणून आडवाटांचा विचार करावा लागतो. एखाद्या प्रांताची शिफारस मिळाल्यास सहाशे गुण मिळतात, म्हणजे निमंत्रण बहुधा निश्चितच. त्यासाठी प्रत्येक प्रांताच्या स्वतंत्र अटी आहेत, आणि क्वेबेकची निवडपद्धती तर सर्वस्वी वेगळी आहे. फ्रेंच भाषेत सातवी पातळी गाठणाऱ्यांसाठी २०२३ पासून स्वतंत्र निवड होते आणि तिची गुणरेषा इतरांहून पुष्कळ खाली राहत आली आहे. ज्यांच्या हाती दोनतीन वर्षे आहेत त्यांनी फ्रेंच शिकण्याचा हा उद्योग अवश्य करावा. परंतु माझ्या मते अमेरिकेतील मराठी नोकरदारास सर्वांत सरळ वाट आपल्याच कंपनीची आहे. टोरांटो, व्हँकुव्हर येथे जिची शाखा आहे अशा कंपनीत बदली मागून तात्पुरत्या कामाच्या परवान्यावर जावे. तेथे वर्षभर कुशल काम केले म्हणजे अर्जदार कॅनडातील अनुभवाच्या वर्गात बसतो आणि गुणही वाढतात. वरच्या दर्जाच्या कामावर गेलेल्या व्यक्तीच्या जोडीदारास तेथे बहुधा खुला कामाचा परवाना मिळतो, आणि एच-फोरवर वर्षे काढलेल्या स्त्रियांच्या दृष्टीने हीच गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते.

आता दस्तऐवजांविषयी. निमंत्रण आल्यापासून पूर्ण अर्ज दाखल करण्यास साठ दिवस मिळतात, आणि आपल्याकडच्या कागदपत्रांची जातकुळी पाहता ही मुदत फार तोकडी आहे. महाराष्ट्रातील विवाहितेचे पदवीपत्र माहेरच्या नावाने, पारपत्र सासरच्या नावाने, मधले नाव एका ठिकाणी वडिलांचे तर दुसऱ्या ठिकाणी पतीचे, आणि काहींचे पाळण्यातले नाव लग्नात बदललेले असते. आपल्याला यात काही विशेष वाटत नाही, परंतु परदेशातील अधिकाऱ्यापुढे त्या दोन निराळ्या व्यक्ती ठरतात. विवाहनोंदणीचा दाखला, आणि नाव बदलल्याची राजपत्रातील प्रसिद्धी असल्यास तिची प्रत, अगोदरच हाताशी ठेवावी. पदवीच्या समकक्षतेचा अहवाल पाच वर्षे चालतो; तो मिळण्यासाठी विद्यापीठाकडून गुणपत्रकांची प्रत परस्पर पाठवली जावी लागते, आणि त्या खिडकीवर किती काळ लागतो हे येथील श्रोत्यांस मी सांगायला नको. नोकरीच्या दाखल्यात हुद्दा, कामाचे स्वरूप, आठवड्याचे तास आणि वेतन हा सर्व मजकूर हवा. अमेरिकेतील पुष्कळ कंपन्या केवळ तारखा आणि हुद्दा लिहून देतात. तेव्हा वरिष्ठाकडून सविस्तर पत्र घ्यावे आणि वेतनचिठ्ठ्या व कराचे कागद जोडावेत. गेल्या दहा वर्षांत ज्या ज्या देशात सलग सहा महिने राहिलो त्या प्रत्येक देशाच्या पोलिसांचा दाखला लागतो, म्हणजे अमेरिकेचा बोटांच्या ठशांवरून आणि भारताचा वकिलातीमार्फत वा पारपत्र कचेरीतून. एखादी नोकरी अथवा पूर्वी नाकारला गेलेला व्हिसा लपवून ठेवू नये. खोटी माहिती दिल्याचे ठरल्यास पाच वर्षे कॅनडात प्रवेशबंदी होते.

मुलांच्या बाबतीत एक दिलासा आहे. कॅनडा बावीस वर्षांखालील अविवाहित मुलास अवलंबित मानतो, आणि पूर्ण अर्ज दाखल झाल्याच्या दिवशी त्याचे वय गोठवले जाते. एकोणिसाव्या-विसाव्या वर्षाचा मुलगा वा मुलगी ज्यांच्या घरी आहे त्यांनी हा एकच मुद्दा डोळ्यांपुढे ठेवून वेळापत्रक आखावे.

कायम वास्तव्य मंजूर झाल्यावर पुष्कळजण सीमेवर जाऊन शिक्का घेतात आणि अमेरिकेतील नोकरीवर परत रुजू होतात. तसे करण्यास बंदी नाही, पण पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात प्रत्यक्ष राहणे बंधनकारक आहे, आणि तो हिशेब चुकला तर एवढ्या श्रमांनी मिळवलेला हक्क धोक्यात येतो. बिऱ्हाड घेऊन जाताना सामानाची यादी दोन प्रतींत करावी : सोबत नेलेले सामान एका भागात आणि मागाहून येणारे दुसऱ्या भागात, प्रत्येकाची किंमत लिहून. मंगळसूत्र, पाटल्या, बांगड्या यांचे ‘दागिने’ अशा एका शब्दात वर्णन न करता प्रत्येक नग वेगळा लिहावा आणि सराफाचे मूल्यपत्र व छायाचित्र जोडावे, म्हणजे जकातीच्या नाक्यावर खोळंबा होत नाही. दहा हजार कॅनेडियन डॉलर वा अधिक रोकड असल्यास ती जाहीर केलीच पाहिजे.

सल्लागाराची मदत घेण्यास हरकत नाही, परंतु मोबदला घेऊन सल्ला देण्याचा अधिकार कॅनडातील वकील व परवानाधारक पॅरालीगल, क्वेबेकचे नोटरी आणि तेथील स्थलांतर-सल्लागारांच्या नियामक संस्थेत नोंदलेले सल्लागार यांनाच आहे. या संस्थेच्या नोंदवहीत नाव कोणालाही विनामूल्य तपासता येते. निवडीची हमी देणाऱ्याकडे पैसे देऊ नयेत. तशी हमी देण्याचा अधिकार कोणाकडेही नाही.

शेवटी येथील वडीलधाऱ्या श्रोत्यांसाठी. आईवडिलांना कायमचे बोलावण्याच्या योजनेत २०२० साली नोंदलेल्या इच्छुकांतूनच पुढील वर्षांत निवड होत आली आहे, तेव्हा तिच्यावर विसंबून घर विकणे वगैरे बेत करू नयेत. त्याऐवजी ‘सुपर व्हिसा’ हा मार्ग उपलब्ध आहे : कॅनडात कायम वास्तव्य असलेल्या मुलाचे निमंत्रणपत्र आणि त्याच्या किमान उत्पन्नाचा पुरावा दिल्यास आईवडिलांना एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. त्यासाठी किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, निदान वर्षभराचा आरोग्यविमा अनिवार्य आहे. मधुमेह, रक्तदाब अशा आधीच्या विकारांना तो विमा किती लागू पडतो हे प्रत्येक कंपनीत निराळे असल्यामुळे, अर्ज भरण्यापूर्वी विम्याच्या अटींचा तो भाग मुलाकडून मागवून घ्यावा आणि आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना दाखवावा.