विधुर आणि बिजवर



'विधवा' याचे पुल्लिंगी रूप 'विधुर', अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती बरोबर नाही. 'विधवा' हा फार जुना शब्द. लॅटिनमधील 'विदुआ' आणि इंग्रजीतील 'विडो' ही त्याचीच भावंडे. 'धव' म्हणजे पती, तो नसलेली ती विधवा, ही फोड पंडितांनी मागाहून बसविली. 'विधुर' निराळा. संस्कृत काव्यात तो व्याकूळ, वियोगी, एखाद्या गोष्टीस मुकलेला अशा अर्थी येतो. तेथे स्त्रीही 'विधुरा' असू शकते. बायको वारलेल्या पुरुषापुरता तो पुढे आखडला.

मग घरीदारी बोलताना त्या पुरुषास काय म्हणत? बिजवर! दुसऱ्या खेपेचा वर. विधवेची ओळख गेलेल्या नवऱ्यावरून, याची मात्र येणाऱ्या बायकोवरून. आपल्या अंबरनाथ-बदलापुराशेजारच्या कल्याणचेच उदाहरण घ्या. यमुना ही नऊ वर्षांची मुलगी १८७४ साली गोपाळराव जोश्यांना दिली. ते बिजवर, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे. हीच पुढे डॉक्टर झालेली आनंदीबाई. न्यायमूर्ती रानडे तर विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पण १८७३ साली पत्नी वारल्यावर, वडिलांच्या हट्टापुढे नमून, त्याच वर्षी त्यांनी अकरा वर्षांच्या रमाबाईंशी लग्न केले. त्यांना दोष देणे आज सोपे आहे.

धोंडो केशव कर्व्यांची पत्नी १८९१ साली गेली. १८९३ साली त्यांनी विधवेशी विवाह केला, आणि मुरुडकरांनी त्यांस वाळीत टाकले. कुमारिका केली असती, तर त्याच गावात त्यांच्यासाठी मानाचा पाट मांडला गेला असता.