पहिले महायुद्ध : निमित्त आणि कारण



इतिहासाचे पेपर तपासताना एक उत्तर मला हमखास आढळते. ‘पहिले महायुद्ध का झाले?’ उत्तर : ‘राजपुत्राचा खून झाला म्हणून.’ मी एक गुण देतो आणि समासात लिहितो, ‘हे निमित्त झाले, कारण कुठे आहे?’ त्या शेऱ्याचा खुलासा आज आपणापुढे करावा म्हणतो.

२८ जून १९१४ रोजी सेराजेव्हो शहरात ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड व त्याची पत्नी यांना गाव्ह्रिलो प्रिन्सिपने गोळ्या घातल्या. प्रिन्सिपचे वय १९ वर्षे. म्हणजे आपल्या कॉलेजातल्या मुलाएवढा. परंतु ऑस्ट्रियाने सर्बियावर युद्ध पुकारले ते २८ जुलैला. मधला सबंध महिना हाती होता. त्या महिन्यात काय झाले? जर्मनीने ऑस्ट्रियाला शब्द दिला की, तुम्ही काहीही करा, आम्ही पाठीशी आहोत. रशिया सर्बियाच्या बाजूने उभा राहिला आणि फ्रान्स रशियाशी कराराने बांधलेला. जर्मन सेनापतींची योजना तर आधीच तयार होती : प्रथम बेल्जियममधून फ्रान्सवर जायचे, मग रशियाकडे वळायचे. ४ ऑगस्टला जर्मन फौज बेल्जियममध्ये शिरली आणि त्याच दिवशी इंग्लंडही युद्धात उतरले. वसाहतींची हाव, आरमाराची चढाओढ आणि हे करारमदार, ही खरी कारणे.

गंमत पहा. जर्मनीचा कैसर हा इंग्लंडच्या पाचव्या जॉर्जचा आतेभाऊ, आणि रशियाचा झार हा त्याचा मावसभाऊ. कैसर आणि झार शेवटच्या दिवसांत एकमेकांना तारा करीत होते, त्याही इंग्रजीत आणि घरगुती नावांनी सह्या करून. भाऊबंदकी काही आपल्याच गावात असते असे नाही!

या भाऊबंदकीत आपला काय संबंध? हिंदुस्थानातून १३ लाखांवर माणसे या युद्धावर गेली. ७४ हजारांवर परत आली नाहीत. शिपायाचा पगार महिना ११ रुपये. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, लढलेल्या सहाव्या डिव्हिजनचे नावच ‘पूना’ होते, आणि तिच्यात मराठा पलटण होती. बगदाद घेण्याच्या हव्यासाने सेनापतीने तिला पुढे नेले. मार खाऊन ती कुत गावी परतली आणि डिसेंबर १९१५ मध्ये तुर्कांच्या वेढ्यात सापडली. धान्य संपत आले, घोडे कापण्याची वेळ आली, आणि आपल्या पुष्कळ शिपायांना ते मांस खाववेना. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३ हजार लोक शरण गेले. त्यांतले हजारो कैदेत मेले.

यात मुसलमान शिपायाची अवस्था ध्यानात घ्या. समोर तुर्की फौज, तिचा सुलतान म्हणजे खलिफा, आणि त्याने जिहाद पुकारलेला. इकडे खाल्ल्या मिठाची शपथ. बहुतेक जण पलटणीबरोबरच राहिले. काहींनी तुर्कांवर चालून जाण्यास नकार दिला आणि शिक्षा भोगल्या. दोघांपैकी कोणालाही दोष देण्याचे मला तरी धाडस होत नाही.

बक्षीस काय मिळाले? १९१८ साली साथीच्या तापाने देशात कोटीवर माणसे गेली. १९१९ साली रौलट कायदा आणि जालियनवाला बाग. खिलाफतीसाठी हिंदू-मुसलमान खांद्याला खांदा लावून उभे राहिले; पण ३ मार्च १९२४ रोजी तुर्कांनी स्वतःच खिलाफत मोडीत काढली.

युरोपात तह झाला तो २८ जून १९१९ रोजी, व्हर्सायला. सेराजेव्होच्या गोळीला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती. जर्मनीवर युद्धाचा सगळा दोष आणि न पेलणारी नुकसानभरपाई लादली गेली. पुढे हिटलरने सभांतून हीच जखम उकरली. नोव्हेंबर १९१८ मध्ये जर्मनांनी युद्धबंदीवर सही केली होती ती कोंपिएन्यच्या जंगलात, रेल्वेच्या एका डब्यात. २२ जून १९४० रोजी हिटलरच्या हुकमाने फ्रेंचांना त्याच जागी, त्याच डब्यात सही करावी लागली. डबा संग्रहालयात होता. तो बाहेर काढण्यासाठी भिंत पाडण्यात आली.