खाणीत उगवलेलं जंगल: गुडगावच्या अरवलीतली एक पायवाट

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. बोलताना माझ्या तोंडून निघालेले अर्धेअधिक ‘म्हणजे’ आणि ‘अ‍ॅक्च्युअली’ गाळलेत, तरी काही उरले असतीलच. सांभाळून घ्या.

आज ट्रेकला जायचंय, पण सह्याद्रीत नाही, तर गुडगावात. हो, तेच गुडगाव. काचेच्या इमारती, ट्रॅफिक आणि तुमच्या ओळखीतला एक तरी आयटीवाला. मी गेली तीन वर्षं इथे कोडिंग करतोय. दिल्ली मेट्रोच्या यलो लाइनवर गुरु द्रोणाचार्य नावाचं स्टेशन आहे. तिथून जवळच अरवली बायोडायव्हर्सिटी पार्क आहे. साधारण ३९० एकरांची जागा. नावात ‘पार्क’ आहे म्हणून हिरवळ आणि कारंजी शोधायला जाऊ नका. आत खडक आहेत, बुटक्या टेकड्या आहेत, त्यांच्यामधून फिरणाऱ्या पायवाटा आहेत आणि मध्येच जमीन एकदम खोल जाते. ते खोलगट भाग नीट बघा. त्यातले बरेचसे पाण्याने किंवा वाऱ्याने झालेले नाहीत, माणसाने खणलेले आहेत.

कारण ही सगळी जागा खाण होती. अरवलीचा दगड म्हणजे क्वार्ट्झाइट, एकदम कणखर. तो फोडायचा, क्रशरमध्ये घालायचा, खडी करायची. शिवाय इथल्या झिजलेल्या दगडाची जी भरड वाळू निघते तिला दिल्लीत ‘बदरपूर’ म्हणतात. बांधकामावर सर्रास चालणारा शब्द आहे तो. थोडक्यात काय, दिल्ली-गुडगावच्या कितीतरी भिंतींमध्ये हा डोंगर आहे. २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीलगतच्या अरवलीत खाणकामावर बंदी आणली, २००९ मध्ये गुडगाव, फरीदाबाद आणि मेवातमधलं खाणकाम थांबवलं. खाणवाले गेले, खड्डे राहिले.

आता खरी गंमत इथे आहे. खाण बंद पडल्यावर ही जागा ओसाड नव्हती. हिरवी होती! गुगलच्या सॅटेलाइट फोटोत बघितली असती तर म्हणाला असता, अरे वा, झालं की जंगल. पण ते हिरवं होतं वेड्या बाभळीचं. आपल्याकडे तलावाच्या गाळात, रेल्वेलाइनच्या कडेला, पडीक गायरानात जी माजते ना, तीच. इथे तिला विलायती कीकर म्हणतात. मूळची ती अमेरिका खंडातली. इंग्रजांनी शंभरेक वर्षांपूर्वी दिल्लीच्या रिजवर ती लावली, कारण ती काहीही न मागता वाढते. पाणी नको, माती नको, राखण नको. आणि एकदा का पसरली की शेजारी दुसऱ्या कोणाला सहज उभं राहू देत नाही. तिच्या दाट झाडीत खाली वाकून बघा, गवताची काडी दिसणं मुश्कील.

म्हणून २०१० मध्ये ‘आय अ‍ॅम गुडगाव’ या नागरिकांच्या गटाने महापालिकेबरोबर इथे काम सुरू केलं तेव्हा पहिला प्रश्न ‘झाडं किती लावायची’ हा नव्हताच. प्रश्न होता, इथे आधी काय होतं? विजय धस्माना हे या कामामागचं मुख्य नाव. त्यांचा आग्रह असा की इथे अरवलीचीच झाडं लागतील. गुलमोहर नाही, नर्सरीत स्वस्तात मिळतं म्हणून आणलेलं काहीही नाही.

पण खाणीने तर सगळं पुसून टाकलेलं. मग कळणार कसं?

आमच्या भाषेत सांगायचं तर प्रॉडक्शन डेटा उडालाय, बॅकअप कुठे आहे? तर बॅकअप होता, आणि तोही फार लांब नाही. गुडगाव आणि फरीदाबादच्या मध्ये मांगर बनी नावाचं रान आहे. आपल्या शब्दांत सांगतो, ती एक देवराई आहे. गुदडिया बाबांची. आसपासच्या गुज्जर वस्तीची श्रद्धा अशी की इथली फांदी तोडली तर बाबांचा कोप होतो. बाबांच्या त्या धाकाने जे राखलं ते भोवतालच्या कुठल्याच टेकडीवर उरलं नाही. कोकणात, भीमाशंकरकडे आपण हेच बघतो. बनीत आणि राजस्थानातल्या अरवलीच्या जंगलांत फिरून बिया गोळा केल्या, पार्कातच नर्सरी केली, रोपं तयार केली. कीकरही एका फटक्यात तोडला नाही, टप्प्याटप्प्याने काढला. उतार एकदम उघडा पडला तर पहिल्याच पावसात उरलीसुरली माती वाहून जाणार ना.

या सगळ्यात माझं आवडतं झाड म्हणजे धौ. आपल्या धावड्याचा भाऊबंद. उभ्या खडकावर, जिथे मातीच दिसत नाही, तिथे हा तग धरतो. शेळ्यांनी खात राहिलं तर जमिनीलगत चटईसारखा पसरून राहतो, वर्षानुवर्षं, आणि चराई थांबली की उभा राहतो. हिवाळ्यात पानं तांब्यासारखी होतात. पण बियांचं विचारू नका. मूठभर बिया पेरा, रुजणाऱ्या अगदी थोड्या. आणि वाढ कासवाच्या गतीने. वेडी बाभूळ दोन पावसाळ्यांत डोक्यावर जाते, हे महाराज तेवढ्यात गुडघ्यापर्यंत आले तर नशीब. कंपन्यांच्या वृक्षारोपणाच्या फोटोत धौ का दिसत नाही ते कळलं असेलच.

मी मूळचा किनवटचा, नांदेड जिल्हा. आमच्याकडे सागाच्या जंगलात सालई, धावडा, पळस ही झाडं म्हणजे रोजची. त्यामुळे पार्कातल्या उतारावर सालई दिसली तेव्हा मी तिचं पान चुरगाळून वास घेतला. तोच, धुपाचा. बरोबरचा हरयाणवी मित्र म्हणाला, “ये सलई है।” म्हटलं, आम्ही सालई म्हणतो, एका काण्याचा फरक! त्यांचा ढाक म्हणजे आपला पळस. रौंझ म्हणजे आपला हिवर. कैम म्हणजे आपला कळंब. नीलगाय दिसली की मी अजूनही ‘रोही’च म्हणतो. मोर तर वाटेत आडवेच येतात. आणि हे सगळं चालू असताना डोक्यावरून विमान जातं, कारण विमानतळ शेजारीच आहे. टेकडीच्या माथ्यावर उभं राहिलं की एका बाजूला धौचा उतार आणि दुसऱ्या बाजूला माझ्या ऑफिससारखीच वीस-पंचवीस ऑफिसं.

चढ म्हणाल तर काही नाही. पंधरा मिनिटांत माथा येतो. हरिश्चंद्रगड केलेले लोक हसतील. पण हे उंचीचं प्रकरण हसण्यावारी नेऊ नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये अरवली कशाला म्हणायचं याची एक व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली होती: भोवतालच्या जमिनीपासून १०० मीटर किंवा जास्त उंच असेल तर अरवली टेकडी. राजस्थानपासून दिल्लीपर्यंत लोक रस्त्यावर आले. डिसेंबरअखेर न्यायालयानेच तो आदेश स्थगित केला. मी ज्या टेकड्यांवर बसून डबा खाल्लाय त्या कुठल्याही पट्टीने मोजल्या तरी बुटक्याच. आणि धौला मीटर कळत नाहीत, त्याला खडक कळतो.

त्याआधीही एक महामार्ग याच पार्कातून न्यायचा प्रस्ताव आला होता, तेव्हा गुडगावकरांनी विरोध केला. मग फेब्रुवारी २०२२ मध्ये पार्काला देशातली पहिली ‘ओईसीएम’ जागा म्हणून दर्जा मिळाला. म्हणजे अभयारण्य नाही, राष्ट्रीय उद्यान नाही, पण निसर्ग खरोखर राखला जातोय अशी जागा. मान मोठा आहे. पण अभयारण्याला मिळतं तसं कायद्याचं कवच यात आपोआप येत नाही, हे लक्षात ठेवा. ‘इथली झाडं गेली तर दुसरीकडे लावू’ असं कोणी म्हणालं तर त्याला एकच विचारा: धौ लावणार का, आणि थांबणार किती वर्षं?

जायचं असेल तर पावसाळ्यात जा, जुलै ते सप्टेंबर. पळस बघायचा तर मार्चमध्ये. मे महिन्यात अजिबात नको, पंचेचाळीसच्या उन्हात खडक तापतो. सकाळी लवकर निघा, पाणी घेऊन जा, स्पीकरवर गाणी नकोत. शनिवारी कधीकधी आम्ही चार-पाच जण कीकरची कोवळी रोपं उपटायला जातो. ती अजूनही उगवतातच, दर पावसाळ्यात, न चुकता. हातमोजे मात्र जाड आणा, काटे वाईट आहेत.