पट्ट्यावर बाईचं नाव
(नागपूर येथे झालेल्या वनगावांच्या बैठकीत एका कार्यकर्तीने केलेले भाषण)



आधी तेंदूपत्त्याचा हिशेब काढू. पहाटे जंगलात कोण जाते? बाई. घरी आणून 70-70 पानांचे पुडे कोण बांधते? बाई, पोरी, म्हातारी सासू. असे 1000 पुडे झाले की एक गोणी. आता सांगा, फळीवर कार्ड कोणाच्या नावानं आहे? पैसा कोणाच्या खात्यात जाते? हसू नका जी. बोनस आला हे कितीतरी बायांना शेजारणीकडून समजते.

जमिनीचंही तसंच. 2006 च्या वनहक्क कायद्यातलं कलम 4(4) पाठ करून ठेवा. लग्न झालेल्यांचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा. 'नोंदवता येईल' नाही, नोंदवायचाच. बाई एकटी घर चालवत असेल, विधवा असो की टाकलेली, तर तिच्या एकटीच्या नावानं. वैयक्तिक दाव्याच्या अर्जात जोडीदाराच्या नावाचा रकानाच आहे. तो कोरा सोडू नका.

कायले पाहिजे हे नाव? 1956 चा हिंदू वारसा कायदा आदिवासींना लागू नाही. आपल्यात रूढी चालते, आणि रूढी कोणती हे पुरुषच सांगतात. नवरा गेला की दीर म्हणते, वहिनी, जमीन घराण्याची. कागदावर नाव असलं की तिला दिराच्या तोंडाकडे पाहावं लागत नाही. काही भाऊ म्हणतात, बाईला दिली तर जमीन परक्याच्या हातात जाईल. अरे भाऊ, वनहक्काची जमीन कोणालाच विकता येत नाही. बाईच्या नावानं तेवढी भीती, दारूपायी गहाण टाकणाऱ्याची नाही?

मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये 1,800 हेक्टरांवर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. आता कितीतरी ग्रामसभा स्वतः तेंदू, बांबू विकतात. पण ग्रामसभा म्हणजे कोण? नियमात आहे, हजर लोकांत तिसरा हिस्सा बाया पाहिजेत. सभा ठेवतात सकाळी अकराला, तेव्हा बाया रोवण्यावर. मग रजिस्टर घरोघर फिरवून अंगठे घेतात. हे बंद करा. सभा रात्री जेवण झाल्यावर घ्या.

पुढच्या सभेत दोन ठराव घ्या. ज्या पट्ट्यावर बायकोचं नाव सुटलं त्यांची यादी करून उपविभागीय समितीकडे पाठवायची. आणि तेंदूचं कार्ड पानं तोडणारीच्या नावानं, पैसा तिच्या खात्यात. हंगाम सुरू व्हायच्या आधी कार्डं बनतात, तेव्हा सभा त्याच्या आधीच बोलवा.