वेगाची मर्यादा आणि काशीचा उन्हाळा

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा पाठ)



काशीतील दूधविनायक, ब्रह्माघाट, दुर्गाघाट हा परिसर पिढ्यान्‌पिढ्या मराठी कुटुंबांच्या वास्तव्यासाठी ओळखला जातो. पोथ्यापुराणांच्या या घरांत आता संगणकही आला आहे. मुलगा त्यावर रात्री खेळ खेळतो आणि त्याच संगणकात वडिलांनी घराण्याच्या जुन्या कागदपत्रांची छायाचित्रे साठवलेली असतात. प्रोसेसरचा वेग कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे नेण्याचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंगचा, मोह मुलाला होतो. त्याची किंमत मात्र त्या कागदपत्रांना मोजावी लागू शकते.

हा मोह जुनाच आहे. १९९८ साली आलेला सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर हौशी मंडळी सर्रास ४५० मेगाहर्ट्‌झवर चालवीत. कारखाना सुरक्षिततेसाठी काही वाव राखून ठेवतो. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे तो वाव खर्चून टाकणे.

प्रोसेसरचे सारे काम एका ठोक्यावर चालते. ४ गिगाहर्ट्‌झ म्हणजे सेकंदाला ४ अब्ज ठोके. दोन ठोक्यांमधले अंतर २५० पिकोसेकंद; तेवढ्या वेळात प्रकाशही जेमतेम साडेसात सेंटिमीटर जातो. वेग ५ गिगाहर्ट्‌झ केला की हाती उरतात २०० पिकोसेकंद. बनारसच्या तबल्याची उपमा येथे चपखल बसते. लय दुगुन-चौगुन झाली तरी प्रत्येक बोल आपल्या मात्रेत स्वच्छ उमटला पाहिजे. तो पुरा उमटण्याआधीच पुढची मात्रा आली, तर ठेका कोलमडतो. ट्रान्झिस्टरचा संकेत ठोक्याआधी पोहोचला नाही, तर शून्याच्या जागी एक नोंदला जातो.

यावर उपाय म्हणून विद्युत्‌दाब वाढवला जातो. त्यामुळे संकेत लवकर पोहोचतो. परंतु खर्च होणारी वीज वेगाच्या प्रमाणात आणि दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग २० टक्के आणि दाब १० टक्के वाढवल्यास वीज, आणि म्हणून उष्णता, सुमारे ४५ टक्क्यांनी वाढते. तापलेल्या ट्रान्झिस्टरमधून गळणारा प्रवाह वाढतो, त्याने आणखी उष्णता निर्माण होते, आणि स्थैर्यासाठी केलेला उपायच अस्थैर्याचे कारण ठरतो.

येथे काशीचे हवामान निर्णायक ठरते. साध्या पंख्याने वा पाण्याच्या शीतकाने प्रोसेसर खोलीच्या तापमानापेक्षा थंड होऊ शकत नाही. समजा, पूर्ण भाराखाली तो खोलीपेक्षा ६० अंशांनी अधिक तापतो. जानेवारीत खोली १५ अंशांवर असेल, तर प्रोसेसर ७५ अंशांवर राहील. ज्येष्ठातल्या दुपारी खोली ४२ अंशांवर गेली की हाच आकडा १०२ होतो. बहुतेक प्रोसेसर १०० अंशांच्या आसपास आपला वेग आपणच कमी करतात. गल्लीतली धूळ शीतकाच्या पात्यांत साचली, तर हे संकट आणखी लवकर येते. थंडीत उत्तीर्ण झालेली चाचणी उन्हाळ्याची हमी देत नाही, ती यामुळेच.

संगणक अडकला किंवा आपोआप बंद पडला, तर दोष निदान दिसतो. मूक चूक अधिक घातक असते. संगणक चालू राहतो, पण एखादा अंक बदलतो. फाइल जतन होते, पण बिघडलेली. वर्षांनंतर कोणी ती उघडते, तेव्हा मूळ कागदही जीर्ण झालेला असतो. चुका ओळखून सुधारणारी स्मृती सर्व्हरमध्ये असते. घरगुती संगणकात ती सहसा नसते.

जास्तीचा दाब प्रोसेसरचे आयुष्यही पोखरतो. इंटेलच्या तेराव्या-चौदाव्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरांत, ओव्हरक्लॉकिंग न करताही, अस्थैर्य दिसले. २०२४ साली कंपनीने अतिरिक्त विद्युत्‌दाब हे त्याचे कारण मान्य केले, दुरुस्ती दिली आणि हमीचा काळ दोन वर्षांनी वाढवला. दुरुस्तीने पुढील झीज थांबवता येते. झालेली झीज भरून येत नाही.

मग वेग मिळवावा कसा? याचे एक उत्तर पुण्याने दिले. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० सिद्ध केला, तो एकाच प्रोसेसरला पिळून नव्हे, तर अनेकांना एकत्र कामाला लावून. याच परंपरेतला परम शिवाय हा महासंगणक २०१९ पासून काशीतच, काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातील आयआयटीत आहे. त्याची क्षमता ८३७ टेराफ्लॉप. बेताच्या वेगाने चालणारे असंख्य प्रोसेसर आणि काटेकोर शीतन हेच अशा यंत्रांचे बळ.

हौस निषिद्ध नाही. कुतूहलातूनच अभियंता घडतो. मात्र ती शिस्तीने करावी. एका वेळी एकच बदल करावा, त्याची वहीत नोंद ठेवावी. प्राइम९५सारख्या चाचणीने कित्येक तास भार द्यावा, मेमटेस्ट८६ने स्मृती तपासावी, आणि उन्हाळ्यात हे सारे पुन्हा करावे. एकही चूक आढळली, तर एक पायरी खाली यावे. घराण्याचे दस्तऐवज त्या यंत्रात ठेवूच नयेत. त्यांच्या दोन प्रती अन्यत्र असाव्यात.

पालकांनी मुलाला रोखण्यापेक्षा त्याची वही पाहावी. मिळवलेल्या वेगापेक्षा, कोठे थांबलो आणि का, हे त्याने लिहिले असेल, तर तो विज्ञान शिकला असे समजावे.