कढीलिंबावरची अळी



वैशाखाचं ऊन. अंगण तापलेलं. तरी सकाळी पाणी घातलेल्या तुळशीकडे बघा. मंजिऱ्यांवर मधमाश्या घुमताहेत, शेजारी पुदिना हिरवागार, नुसता हात लागला तरी वास सुटतो. हे बघायला तिकीट लागत नाही, वेळ लागतो!

अरणच्या सावता महाराजांना देव कुठं भेटला? मळ्यात, भाजीच्या वाफ्यात. आपण हे ऐकतो, मान डोलावतो आणि घरी जातो.

माझंच सांगतो. एका उन्हाळ्यात, रात्रीच्या कीर्तनात 'देव सर्वांभूती आहे' म्हणून घसा बसेस्तोवर सांगितलं. सकाळी बघतो तर कढीलिंबाची पानं कुरतडलेली, आणि फांदीवर हिरवी अळी. चिरडायला काडी उचलली. आमची मंडळी मागनं म्हणाली, "अहो, रात्रीचा देव सकाळी कुठं गेला?"

हात तिथंच थांबला, माउली.

पुढं त्या अळीनं स्वतःला धाग्यानं काडीला बांधून घेतलं, कोश केला. काही दिवसांनी त्यातून काळं-पिवळं फुलपाखरू निघालं. लिंबाच्या, कढीलिंबाच्या पानांवर वाढणारी ही जात. माझी चार पानं गेली. पण दुसऱ्यांना सांगितलेलं कीर्तन त्या दिवशी मला ऐकू आलं.

तेव्हा पंढरीची वारी चुकवू नका. पण उद्या तुळशीला पाणी घालताना घटकाभर थांबा, एखादं पान उलटून बघा. आणि काडी उचलण्याआधी विचारा, हा कोण?

बोला, पुंडलिक वरदा हरि विठ्ठल!